वाचकांचे प्रश्न : ख्रिस्ती वर्गातील भाषेचा एक दिवस

प्रश्न : आदरणीय बाई, सप्रेम जय ख्रिस्त. मी जालना जिल्ह्यातील एका गावी, आमच्या मंडळीने (म्हणजे चर्चने) चालवलेल्या लहानशा मराठी शाळेत तिसरी आणि चौथीचा जोडवर्ग शिकवते. वर्गात २३ मुले आहेत. निम्म्याहून थोडी अधिक ख्रिस्ती घरांतील आणि बाकीची इतर समाजांतील. गेल्या उन्हाळ्यात एका नातलगाने मला ख्रिस्ती शाळांसाठी लिहिलेले एक इंग्रजी शिक्षक-पुस्तक आणून दिले. त्यात ‘लँग्वेज आर्ट्स’ या नावाखाली पूर्ण दिवसाचे पाठ आखून दिले आहेत : बायबलमधील वचनाचे पाठांतर, स्पेलिंग, व्याकरण, कविता, गोष्टीचे वाचन, हस्ताक्षर. जूनपासून मी त्याप्रमाणे करून पाहिले. पण दिवस तुकड्यातुकड्यांनी जातो, दुपारपर्यंत मुले कंटाळतात, आणि शाळा सुटताना विचारले तर सकाळचे वचनही कोणाला आठवत नाही. आपल्या वर्गातील मराठीचा दिवस नेमका कसा असावा, हे सविस्तर सांगाल का?
– एक शिक्षिका, जालना जिल्हा

उत्तर : बाई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण हाच प्रश्न मनात घेऊन मीही पुष्कळ वर्षे फळ्यासमोर उभी राहिले आहे. ते इंग्रजी पुस्तक टाकून देऊ नका. त्याचा पाया चांगला आहे : मुलाने चांगला मजकूर ऐकावा, तो आपल्या शब्दांत सांगावा, थोडा उतरवून काढावा, मग न पाहता लिहावा. आपल्याकडे यालाच श्रवण, कथन, अनुलेखन आणि श्रुतलेखन म्हणतात. अडचण झाली आहे ती दोन ठिकाणी. पहिली अशी की, त्या पुस्तकातील बराच भाग इंग्रजीच्या गरजेपोटी आलेला आहे. इंग्रजीत एकाच अक्षराचा उच्चार शब्दागणिक बदलतो, म्हणून त्या मुलांना स्पेलिंगच्या याद्या घोकाव्या लागतात. आपल्या मुलांची बाराखडी पक्की झाली की ती बहुतेक शब्द वाचू लागतात. त्यांचे अडते ते जोडाक्षरांवर, रफारावर आणि ऱ्हस्व-दीर्घावर. ‘ख्रिस्त’ हा रोज तोंडात असलेला शब्दच पाहा : त्यात दोन जोडाक्षरे आहेत, आणि तिसरीतील मूल तो ‘खिरस्त’, ‘ख्रीस्त’, ‘खिर्स्त’ असा तीन दिवसांत तीन प्रकारांनी लिहिते. तेव्हा याद्यांचा तास काढून टाका. त्याचा वेळ पुढे कामी येईल.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. तुम्ही सकाळी स्तोत्रातील वचन घेता, मग भलत्याच शब्दांचे शुद्धलेखन, मग तिसऱ्याच वाक्यांवर व्याकरण आणि दुपारी चौथीच गोष्ट. मुलाच्या मनात एकही गोष्ट मुरायला अवकाश मिळत नाही. माझे सांगणे एवढेच आहे की दिवसाला एकच उतारा धरा, आणि तो मुलांच्या तोंडून नीट बाहेर आल्याशिवाय त्यांच्या हातात पेन्सिल देऊ नका.

उदाहरणादाखल मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायातील पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे वाटेवर, खडकाळ जागी, काट्यांत आणि चांगल्या जमिनीत पडलेल्या बियांची येशूने सांगितलेली दृष्टांतकथा घेऊ, कारण आपल्या भागातील मुलांना त्यातले सगळे डोळ्यांनी पाहिलेले असते. परिपाठ झाल्यावर मुलांना खाली बसवा आणि त्या अध्यायाच्या पहिल्या नऊ वचनांचे, म्हणजे स्पष्टीकरण वगळून केवळ गोष्टीचे, एकदाच, सावकाश, स्पष्ट उच्चारांत वाचन करा. एकदाच, हा शब्द मी जाणून वापरते आहे. इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांचा याच गोष्टीवर कटाक्ष होता : पुन्हा वाचून दाखवले जाणार आहे हे मुलाला ठाऊक असले की ते पहिल्या वेळी कान देत नाही. वाचन झाले की पुस्तक मिटा आणि एका मुलाला सांगा, “आता तू सांग.” प्रश्न विचारू नका, मध्ये शब्द पुरवू नका. तो थांबला तर दुसऱ्याला पुढे सांगू द्या.

माझ्या वर्गात हा दाखला पहिल्यांदा घेतला तेव्हा एका शेतकऱ्याच्या मुलाने सांगता सांगता मध्येच थांबून मला विचारले, “बाई, त्याच्याकडं तिफण नव्हती का? चाड्यावर मूठ धरली असती तर बी वाटंवर कामून पडलं असतं?” सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. त्या मुलाने आपल्या आईला तिफणीमागून चालत, चाड्यावर मूठ धरून, नळ्यांतून दाणे सोडताना पाहिले होते. तिच्या मुठीतून दाणा वाटेवर जाणे त्याला पटेना. मग मी सांगितले की त्या देशात त्या काळी ओटीत बी घेऊन हाताने फोकून पेरत असत, जशी आपण वाफ्यात मेथी फोकतो. म्हणून चार दाणे वाटेवरही जात. एवढे सांगितल्यावर त्याचा चेहरा मोकळा झाला आणि पुढचा दाखला त्याने असा सांगितला, की खडकाळ जमिनीला तो ‘बरड’ म्हणाला, काटेरी झुडपांना ‘बाभळी-बोरी’ म्हणाला, आणि कोवळे रोप उन्हाने ‘करपलं’ म्हणाला. मी सांगितलेल्या कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा ते कथन शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, अधिक जवळचे होते, असे मी आजही मानते.

येथे तुम्हाला एक मोह होईल, तो आवरा. मुले ‘वाटंवर’, ‘लई’, ‘कामून’ म्हणतील आणि तुमच्या तोंडी ‘वाटेवर’, ‘खूप’, ‘का’ हे शब्द येतील. कथनाच्या वेळी दुरुस्ती करू नका. कथन संपल्यावर फळ्याचे दोन भाग करा. डावीकडे मुलाचे वाक्य जसेच्या तसे लिहा आणि उजवीकडे पुस्तकातील वाक्य लिहा. दोन्ही मोठ्याने म्हणवून घ्या. काय बदलले ते मुले स्वतः सांगतात, आणि प्रमाण मराठी ही आपल्या बोलीची वैरीण नसून शेजारीण आहे हे त्यांना कोणी न सांगता कळते. तुमच्याकडे कदाचित नसेल, पण लातूर-नांदेडच्या बाजूला मुले ‘मी काम केलो’, ‘मी भाकर खाल्लो’ असे सहज बोलतात. तेथे फळ्याचे हे दोन भाग फारच उपयोगी पडतात.

यानंतर अनुलेखन. तिसरीला एक ओळ आणि चौथीला दोन ओळी पुरेत. पानभर उतरवायला दिले की मूल तिसऱ्या ओळीपासून अक्षर पाहणे सोडते आणि केवळ पान भरते. दुरेघी वही, नीट टोक काढलेली पेन्सिल आणि १५ मिनिटे, एवढेच हवे. त्या ओळींतील एक कठीण जागा आधीच फळ्यावर मोठी काढून दाखवा. उदाहरणार्थ ‘पेरणाऱ्याने’ यातील अर्धा र. ‘पेरणार्‍याने’ हा रफार नव्हे, तो ‘ऱ्या’ आहे, आणि ‘कार्य’ मधला रफार वेगळा, हे तिसरीच्या मुलाला नियम म्हणून सांगू नका; दोन्ही शब्द म्हणायला लावा. ‘कार्य’ म्हणताना जीभ आपटते, ‘पेरणाऱ्या’ म्हणताना ती हलकी निसटते. ऐकू आले की हातही चुकत नाही.

मधल्या सुट्टीनंतर, खिचडी खाऊन मुले जडावलेली असतात. तेव्हा व्याकरण घ्यावे असे कोणी म्हणणार नाही, पण मी तेव्हाच घेत असे, कारण तोच उतारा आता ओळखीचा झालेला असतो आणि व्याकरण उभे राहून, बोलून घेता येते. “पेरणारा निघाला” आणि “पेरणाऱ्याने बी पेरले” ही दोन वाक्ये घ्या. ‘ने’ कोठे लागला, कोठे लागला नाही, ते मुलांना शोधू द्या. मग ‘मी, तू, आई, बैल’ हे शब्द घालून तीच वाक्ये करून घ्या. प्रयोगांची नावे चौथीपर्यंत उच्चारण्याचे कारण नाही. दाखल्याच्या शेवटी कोठे शंभरपट, कोठे साठपट, कोठे तीसपट पीक आल्याचे सांगितले आहे. तेथून ‘दुप्पट, तिप्पट, चौपट, दसपट’ हे शब्द मुले भराभर काढतात, आणि ‘दोनपट’ न म्हणता ‘दुप्पट’ का म्हणतात यावर १० मिनिटे आनंदाने भांडतात.

ऱ्हस्व-दीर्घासाठी तर ख्रिस्ती वर्गाइतकी सोयीची जागा नाही. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांप्रमाणे, शब्दाच्या शेवटी येणारा इकार किंवा उकार दीर्घ लिहायचा. पण असा तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, शब्द मूळ संस्कृतात ऱ्हस्वान्त असेल आणि समासात आधी आला, तर तो ऱ्हस्वच राहतो. हा नियम मुलांना डोंगराएवढा वाटतो. पण त्यांच्या उपासनेतलेच शब्द फळ्यावर मांडून पाहा : प्रभू आणि प्रभुभोजन, स्तुती आणि स्तुतिगीत, भक्ती आणि भक्तिगीत, प्रीती आणि प्रीतिभोजन. रविवारी कानावर पडणारे शब्द सोमवारी वहीत आले की नियम पाठ करावा लागत नाही. त्याच बैठकीत ‘आणि’ हा शब्द अपवाद म्हणून दाखवून ठेवा, कारण मुले तो दीर्घ लिहितातच. संबोधनही असेच शिकवता येते. प्रभूच्या प्रार्थनेच्या आरंभी ‘पिता’ या शब्दाचे ‘पित्या’ झालेले आहे. मुलांना विचारा की गल्लीत हाक मारताना ‘पोरगा’चे काय होते, ‘मुले’चे काय होते. ‘पोरग्या’, ‘मुलांनो’ अशी उत्तरे आली की पाठ झाला.

शेवटचा अर्धा तास श्रुतलेखनाला आणि गीताला द्या. श्रुतलेखन सकाळी उतरवलेल्या त्याच ओळींचे घ्या, नवे काही नको. तपासताना लाल रेघा ओढू नका. मुलाने सकाळची वही समोर ठेवून स्वतःच ताडून पाहावे. मग पेटी असेल तर पेटीवर, नसेल तर टाळ्यांवर एक गीत म्हणा. ना. वा. टिळकांनी आपल्या मंडळ्यांना अभंगांच्या चालीवर म्हणण्याजोगी मराठी भजने दिली, त्यामागे परक्या चालींवर बसवलेले शब्द आपल्या माणसांच्या जिभेवर बसत नाहीत ही जाणीव होती. जी चाल मुलाच्या आजीच्या कानांना ओळखीची आहे तिच्यावरच त्याची भाषाही तरते.

वचनाच्या पाठांतराविषयी तुम्ही विशेष विचारले आहे. एकच उतारा दिवसभर ऐकला, सांगितला, लिहिला आणि ताडला की वचन पाठ झालेलेच असते. त्यासाठी वेगळा तास नको. आठवड्याला एक वचन पुरे.

एक गोष्ट मात्र तुम्ही विचारली नसली तरी मला सांगितलीच पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी वर्गाच्या आरंभी रोज एका मुलाला मोठ्याने प्रार्थना करायला सांगत असे. एके दिवशी चौथीतील एक मुलगी डोळे मिटून म्हणाली, “देवबापा, माझ्या आईला लई ताप हाय, तिला बरी कर.” आमेन म्हणून होताच मी तिला सगळ्यांदेखत सांगितले की ‘लई ताप हाय’ नव्हे, ‘खूप ताप आहे’ असे म्हणावे. तिने मान हलवली आणि खाली बसली. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत तिने वर्गात मोठ्याने प्रार्थना केली नाही; मी सांगितले की ती नुसती उभी राहत असे. तिच्या आईचा ताप उतरला का, हे त्या दिवशी विचारायचे मला सुचले नव्हते. तेव्हापासून प्रार्थना ही भाषेच्या तासाबाहेर ठेवायची असा नियम मी पाळला. कथनाला दाद द्या, अनुलेखनावर शेरा लिहा, श्रुतलेखन तपासा. पण मुलाच्या प्रार्थनेला ना गुण द्यावेत, ना दुरुस्ती करावी.

प्रश्न : बाई, मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे आणि रविवारी शब्बाथ शाळाही घेतो. आमच्या वर्गातील एक मुलगा दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतो. त्याला २३वे स्तोत्र एकही चूक न करता पाठ आहे, पण पुस्तकातील अक्षरे तो ओळखत नाही. त्याला पहिलीच्या मुलांत बसवून ‘अ, आ’पासून सुरुवात करावी का?
– एक शिक्षक, बीड जिल्हा

उत्तर : नाही, सर. त्याला पहिलीत बसवू नका. ज्याच्या तोंडात एवढे सुंदर मराठी आधीच आहे त्याचे अंकलिपीचे पुस्तक त्याच्या तोंडातच आहे.

एका जाड पुठ्ठ्यावर पहिले वचन मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये भरपूर जागा सोडून लिहा : “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.” त्याला एकेका शब्दाखाली बोट ठेवत ते म्हणायला सांगा. पहिल्या दिवशी तोंड पुढे धावेल. तो ‘उणे’ म्हणत असेल आणि बोट अजून ‘मेंढपाळ’पाशी असेल. रागवू नका, पुन्हा पहिल्यापासून म्हणू द्या. ज्या दिवशी तोंड आणि बोट एकाच वेळी शेवटच्या शब्दावर पोहोचतील, त्या दिवशी लिहिलेला प्रत्येक शब्द म्हणजे बोललेला एक शब्द, हे त्याला उमगलेले असेल. मग पट्टीचे शब्दाशब्दाला तुकडे करा आणि त्याला जुळवायला द्या. ‘माझा’, ‘मेंढपाळ’, ‘मला’ हे तीन तुकडे हातात आल्यावर सगळ्यांच्या आरंभी तेच चिन्ह आहे हे तो आपणहून दाखवतो. तेव्हाच ‘म’ शिकवा. त्यानंतर ‘ह’ आणि ‘ण’ त्याच पट्टीत सापडतील. ‘परमेश्वर’ मात्र काही आठवडे अख्खाच राहू द्या, त्यातील ‘श्व’ फोडू नका.

शब्दांचा अर्थही सोडू नका. पाठ असलेल्या मजकुराचा एक धोका असतो, तो म्हणजे अर्थाविना वाहत जाणे. माझ्या वर्गातील एका मुलीने याच वचनावर विचारले होते, “बाई, उणे म्हणजे वजाबाकी का? देव मेंढपाळ असला तर आपल्यातून काही वजा होणार नाही, असं ना?” इतका नेमका अर्थ मला स्वतःला सुचला नव्हता. त्या दिवशी आम्ही उणे, उणीव, उणापुरा, उणेदुणे असे शब्द गोळा केले. तुमच्या भागात धनगर शेतात मेंढ्या बसवायला येतात. पुढच्या वचनात हिरव्या कुरणात बसवण्याचे जे चित्र आहे ते त्या मुलाला परके नाही. त्याला विचारा, तो सांगेल.

आणि एक वही अशी करा की तिच्या एका पानावर वचन आणि समोरच्या पानावर त्याचे स्वतःचे वाक्य असेल. फडात आई मोळ्या बांधत असताना तो काय करत होता, धाकट्या बहिणीला कोपीवर (झोपडीवर) कोण सांभाळत होते, वाढ्यांचे (उसाच्या हिरव्या शेंड्यांचे) भारे कोठे विकले, हे तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत तुम्ही लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून बोट ठेवून वाचून घ्या. पुढच्या वेळी टोळी निघेल तेव्हा ती वही त्याच्याबरोबर द्या. पाटीपुस्तक बैलगाडीत हरवते; आपल्याच गोष्टीची वही मुले सांभाळतात असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : माझी मुलगी मंडळीच्या शाळेत तिसरीत आहे. शाळा चांगली आहे, पण आम्ही ख्रिस्ती नाही, आणि भाषेच्या तासाला शास्त्रातील उतारे घेतात असे ती सांगते. हे योग्य आहे का, आणि मी काय करावे?
– एक पालक, परभणी

उत्तर : तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो शाळेत जाऊन विचारण्यात संकोच वाटू देऊ नका. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३)प्रमाणे, शासनमान्य किंवा शासनाचे अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही; विद्यार्थी अल्पवयीन असेल तर ती संमती पालकाची लागते. तेव्हा उपासनेला आणि शास्त्राच्या तासाला मुलीने बसायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तुमचा आहे.

भाषेच्या तासाबद्दल मी शिक्षकांना नेहमी एक सांगते : शास्त्राचा उतारा हा केवळ भाषेचा नमुना आहे असे म्हणून पालकांची समजूत घालू नका. आमच्यासाठी ते देवाचे वचन आहे, आणि ते तसेच मोकळेपणाने सांगून, ज्यांची संमती नाही त्यांना त्याच वेळी दुसरा उतारा द्यावा. आपल्या मराठवाड्यात अशा उताऱ्यांना तोटा नाही. जनाबाई तुमच्याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या, पैठणला एकनाथांची भारुडे, अंबाजोगाईला मुकुंदराज. आणि ख्रिस्ती मुलांनीही हे उतारे वाचलेच पाहिजेत. १६१६ साली गोव्यात छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून आले होते, पण येशूची कथा सांगायला त्यांनी ओवी निवडली, जी ज्ञानेश्वर आणि एकनाथ यांच्या हातून घडली होती. ओवीच कानाला ठाऊक नसलेल्या मुलाला त्या ग्रंथाचा छंद कसा उमगणार?

पुढच्या पालकसभेत बाईंना आठवड्याचे उतारे आधी कळवण्याची विनंती करा. तुमच्या घरी कोणी वडीलधारी बाई जात्यावरच्या ओव्या म्हणत असतील, तर मुलीला त्यांच्याजवळ बसवून दोन ओव्या वहीत उतरवून घ्या आणि ती वही वर्गात पाठवा. तिच्या बाईंना त्यातून अनुलेखनाचा एक चांगला पाठ मिळेल.